दातखीळ ते लेसर : जबड्याच्या दुखण्याचा इतिहास



आत येतानाच एका ज्येष्ठ श्रोत्यांनी आम्हाला गाठलं. म्हणाले, "पत्रिकेवर इतिहास लिहिलंय आणि विषय जबड्याचा. डॉक्टर आहात का?" नाही, डॉक्टर नाही. आम्ही इतिहासाचे विद्यार्थी. पण राजेरजवाड्यांचा इतिहास असतो तसा दुखण्यांचाही असतो. कुठल्या काळात कुठल्या दुखण्याला काय नाव मिळालं, त्यावर कुणी काय विकलं आणि दुखणाऱ्या माणसाच्या हाती काय लागलं, हा त्या इतिहासाचा विषय. आज आपण त्यातलं एकच दुखणं घेऊ. चावताना, जांभई देताना, सकाळी उठल्यावर गालात आणि कानशिलात दुखणारा जबडा. आणि त्यावरचा एकच उपचार, ज्याला 'कमी शक्तीचा लेसर' म्हणतात.

आधी एक करा. दोन्ही हातांची बोटं कानाच्या पुढे, गालावर ठेवा आणि दात घट्ट आवळा. बोटांखाली काहीतरी टणक फुगतं ना? तो चावण्याचा स्नायू. आता बोटं कानशिलावर न्या, पुन्हा आवळा. तिथंही हलतंय. तो दुसरा. भाकरी, शेंगदाणे, हुरडा, सगळं यांच्याच जिवावर. माणूस रागावला, कर्जात सापडला, रात्रभर कूस बदलत राहिला की हेच स्नायू आवळले जातात. 'दातओठ खाणे' हा आपल्याकडे वाक्प्रचार आहे आणि 'झोपेत दात खाणे' ही आपल्या आज्यांनी ओळखलेली तक्रार आहे. दोन्हीकडे क्रियापद तेच, हे आम्हाला फार नेमकं वाटतं.

जबड्याला संस्कृतात 'हनु' म्हणतात. गावोगावच्या वेशीवर ज्याला आपण शेंदूर लावतो त्या देवाचं नावच जबड्यावरून पडलं आहे. सूर्याकडे झेपावलेल्या बाळाला इंद्रानं वज्र मारलं आणि त्याची डावी हनु मोडली, असं वाल्मीकी रामायण सांगतं. म्हणून तो हनुमान.

आयुर्वेदात 'हनुग्रह' नावाचा वातविकार आहे. वाग्भटानं त्याची जी कारणं दिली आहेत ती ऐका: जीभ फार खरवडणं, सुकं खाणं चावणं, मार लागणं. या कारणांनी जबड्याच्या मुळाशी वात कोपतो आणि तोंड उघडं तरी राहतं किंवा मिटलेलं तरी. वाताचं बाजूला ठेवा, पण 'सुकं चावणं' आणि 'मार लागणं' ही कारणं आजही रुग्णाला विचारली जातात. सुश्रुतानं निखळलेला जबडा बसवायची रीत दिली आहे. आधी शेक, मग सांधा जागेवर बसवायचा आणि पट्टी बांधायची. खेड्यातले हाडवैद्य पुढं शतकानुशतकं जवळपास हेच करत आले.

आणि मग आपला शब्द, दातखीळ. आता आपण तो गंमतीत वापरतो, "साहेबांसमोर याची दातखीळच बसली" असं. पण जुन्या काळी हा शब्द ऐकला की घरात रडारड व्हायची, कारण दातखीळ म्हणजे बहुतेक वेळा धनुर्वात. बाळंतिणीला, नाळ कापलेल्या बाळाला, शेतात खिळा लागलेल्या गड्याला. लस आली, तो काळ सरला. शब्द मात्र राहिला आणि त्याच्यासोबत भीतीही राहिली. जबडा आखडला की माणूस घाबरतो, आणि घाबरलेला माणूस खर्चाला तयार होतो. आपल्या गोष्टीत हे पुन्हा येणार आहे.

आता थोडं लांब जाऊ, अमेरिकेत. 1934 साली सेंट लुईसमधल्या जेम्स कॉस्टन नावाच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरानं 11 रुग्णांवर एक लेख लिहिला. कान दुखतो, डोकं दुखतं, जबडा कटकट वाजतो. त्याचं म्हणणं असं की दाढा पडल्यामुळे जबडा जास्त मिटतो आणि सांध्यामागच्या नसा दाबल्या जातात. फक्त 11 रुग्ण, बरं का! पण लेख गाजला, रोगाला कॉस्टनचं नाव मिळालं आणि दंतवैद्य दातांची उंची वाढवायच्या, दात घासून बसवायच्या मागे लागले. पुढं 1948मध्ये हॅरी सिकर या शरीररचनाशास्त्रज्ञानं दाखवून दिलं की कॉस्टन म्हणतो तशी नस दाबली जाणं रचनेच्या हिशेबानं पटण्यासारखं नाही. सिद्धांत कोसळला, तरी दात घासणं थांबलं नाही.

1969 साली डॅनियल लॅस्किन यांनी सांगितलं की बहुतेकांचं दुखणं सांध्याचं नाही, स्नायूंचं आहे. ताण, आवळणं, थकलेला स्नायू. मग 1976 साली त्यांच्या गटानं एक प्रयोग छापला. 25 रुग्णांना खुर्चीत बसवलं, दात घासून बसवतोय असं दाखवलं आणि प्रत्यक्षात काहीच घासलं नाही. निव्वळ नाटक. त्यातल्या 16 जणांचं दुखणं पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण गेलं.

थांबा, हसू नका. याचा अर्थ ते रुग्ण खोटं बोलत होते असा नाही. दुखणं खरं होतं आणि बरं वाटणंही खरं होतं. हे दुखणं पुष्कळांच्या बाबतीत काही आठवड्यांत आपोआप कमी होतं. त्यात कुणीतरी नीट तपासलं, "हे गंभीर नाही" म्हणून सांगितलं, की आवळलेला स्नायू सुटतो. आमच्या मते या दुखण्याच्या इतिहासातला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रयोग आहे. कारण त्यानंतर जो कुणी "माझ्या यंत्रानं जबडा बरा होतो" म्हणेल, त्याला विचारता येतं की बाबा, यंत्र बंद ठेवूनही होतो का?

सगळ्यांनी तसं विचारलं नाही. 1980च्या दशकात अमेरिकेत टेफ्लॉनचा लेप असलेले कृत्रिम तुकडे जबड्याच्या सांध्यात बसवले गेले. ते आत झिजले, त्यांचे कण झाले आणि काही रुग्णांचं हाडच खाल्लं गेलं. 1990-91च्या सुमारास तिथल्या सरकारी यंत्रणेनं ते मागे घ्यायला लावले. साधं स्नायूचं दुखणं घेऊन गेलेली माणसं जन्मभराचं दुखणं घेऊन परतली.

या पार्श्वभूमीवर आता उजेडाकडे येऊ.

उजेडानं रोग बरा करण्याची कल्पना लेसरपेक्षा जुनी आहे. डेन्मार्कचे नील्स फिन्सेन यांनी विजेच्या दिव्याच्या प्रखर उजेडानं त्वचेचा क्षयरोग बरा केला आणि 1903 सालचं नोबेल पारितोषिक मिळवलं. लेसर आला 1960मध्ये. थिओडोर मायमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लाल किरण काढला. त्याच दशकात आपल्या ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रात गॅलियम आर्सेनाइडचा लेसर तयार झाला, हेही लक्षात ठेवा. आज दवाखान्यात पेनासारखं जे यंत्र दिसतं ते त्याच कुळातलं, अर्धवाहकाचं.

लेसर आला तेव्हा सगळ्यांना तो तलवारीसारखा वाटला. कापायचं, जाळायचं. बोस्टनचे पॉल मॅकगफ यांनी लेसरनं प्राण्यांमधल्या गाठी नष्ट करून पाहिल्या. ते वाचून बुडापेस्टचे शल्यचिकित्सक एंद्रे मेस्टर यांनीही करायचं ठरवलं. 1967च्या आसपासची गोष्ट. उंदरांच्या पाठीचे केस काढले, माणकाचा लेसर टाकला. पण मेस्टर यांचा लेसर कमजोर होता. गाठीवर काही परिणाम झाला नाही. उलट ज्या उंदरांवर उजेड टाकला त्यांचे केस इतरांपेक्षा लवकर उगवले! दुसरा कुणी असता तर यंत्राला शिव्या घालून गप्प बसला असता. मेस्टर यांनी फसलेल्या प्रयोगातली ती केसांची वाढ टिपून ठेवली. पुढं त्यांनी न भरणाऱ्या जखमांवर हाच मंद उजेड वापरून पाहिला. कमी शक्तीच्या लेसरचा उपचार इथून सुरू झाला.

तो काम कसा करतो? कापणारा लेसर कित्येक वॉटचा असतो. हा मात्र मिलिवॉटमध्ये मोजायचा. त्यानं कातडी तापत नाही, भाजत नाही, बहुतेकांना काही जाणवतही नाही. लाल आणि त्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त उजेड कातडीतून थोडा आत शिरतो. पेशींमध्ये ऊर्जा तयार करणारं एक प्रथिन तो शोषून घेतं आणि पेशीचं काम सुधारतं, असं रशियातल्या तीना कारू यांनी मांडलं. प्रयोगशाळेत याला आधार सापडला आहे. प्रयोगशाळेतल्या ताटलीतली पेशी मात्र भाकरी खात नाही आणि कर्जाची काळजीही करत नाही.

स्नायूंच्या आणि सांध्यांच्या दुखण्यावर हा उजेड वापरायला सुरुवात झाली आणि तो दातांच्या दवाखान्यांतही पोचला. इथं एक गंमत झाली. लेसर जाणवत नसल्यामुळे त्याचं नाटक करणं फार सोपं. यंत्र गालाला लावायचं, दिवा दिसू द्यायचा आणि किरण बंद ठेवायचा. रुग्णाला कळत नाही आणि योजना नीट असेल तर लावणाऱ्यालाही कळत नाही. म्हणजे 1976 सालचा प्रश्न या यंत्राला अगदी चोख विचारता आला.

उत्तरं काय आली? सरळ सांगायचं तर भांडणं आली. 1993 साली स्नायू-सांध्यांच्या दुखण्यावरच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा खऱ्या आणि खोट्या लेसरमध्ये फरक दिसला नाही. लेसरचे पुरस्कर्ते म्हणाले, मात्रा चुकली. किती मिलिवॉट, किती वेळ, कुठल्या रंगाचा किरण, कुठल्या बिंदूवर, सगळं जो तो आपल्या मनानं ठरवत होता. हा आक्षेप अगदी पोकळ नव्हता. 2009 साली 'लॅन्सेट'मध्ये मानदुखीवरच्या चाचण्यांचा आढावा आला, त्यात फायदा दिसला. जबड्याच्या बाबतीत मात्र चाचण्या लहान, रुग्ण थोडे आणि निकाल कधी या बाजूला तर कधी त्या. नाटकाचा लेसर मिळालेल्यांनाही पुष्कळदा आराम पडलेला. 2023च्या डिसेंबरात ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जबड्याच्या जुनाट दुखण्यावर मार्गदर्शक सूचना आल्या. त्या ठरवणाऱ्या मंडळात रुग्णही होते. कमी शक्तीचा लेसर त्यांनी 'शक्यतो नको' या यादीत टाकला. बंदी नाही, पण शिफारसही नाही. आणि ठाम शिफारस कशाची? जबड्याचे शिकवून करून घेतलेले व्यायाम, तज्ज्ञानं हातानं जबडा हलवणं, स्नायूतल्या दुखऱ्या गाठी हातानं दाबून सोडवणं, मान-पाठ सरळ ठेवायचा सराव आणि मनाचा ताण हाताळायला शिकवणं. म्हणजे बघा, हात आणि बोलणं.

आता तुम्ही म्हणाल, लेसरनं नुकसान तर होत नाही ना? मग घेतला तर काय बिघडलं? शहरातल्या माणसाला हा प्रश्न ठीक आहे. तो आपण कड्यात बसून विचारू.

आमच्या ओळखीच्या एक बाई, आपल्याच तालुक्यातल्या. नवरा-बायको मिळून एक कोयता. दिवाळीनंतर कारखान्यावर जायचं आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत. मोळ्या डोक्यावर घेऊन गाडीवर चढवायच्या. दुपारी गालात ठणका लागायचा, भाकरीचा घास चावता येईना. एका शहरातल्या दवाखान्यात त्यांना लेसरच्या दहा बैठका सांगितल्या, आठवड्यातून दोन. बाईंनी आम्हाला विचारलं, "खाडा कोण भरणार?" खाडा काय असतो ते इथं सांगायची गरज नाही, पण हे व्याख्यान पुढं लिहून निघणार आहे, बाहेरचे लोकही वाचतील, म्हणून सांगतो. उचल घेतलेल्या मजुरानं एक दिवस काम चुकवलं की त्याच्या हिशेबातून जो दंड कापतात तो खाडा. दहा बैठका म्हणजे दहा खाडे, वर गाडीभाडं, वर फी. ज्या उपचाराला जगातले तज्ज्ञ 'शक्यतो नको' म्हणतात, त्याची अशी किंमत. त्या तीन बैठका घेऊन कारखान्यावर परत गेल्या. कुणी त्यांना व्यायाम शिकवला नव्हता. डोक्यावरच्या ओझ्यानं मान आखडते, दात आवळले जातात, हेही कुणी विचारलं नव्हतं. उपचाराच्या इतिहासात ज्याला पर्यायी खर्च म्हणतात तो आमच्या मते हा आहे. पैसा जातोच, शिवाय बरं करणारी साधी गोष्ट सांगायची राहून जाते.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. आपल्या भागात जबडा उघडत नाही म्हणणारा प्रत्येक माणूस स्नायूच्या दुखण्याचा नसतो. 1952 साली पूर्व आफ्रिकेतल्या पाच भारतीय बायकांच्या तोंडात एक विचित्र बदल नोंदवला गेला. आतली कातडी पांढरी, कडक, तोंड उघडेना. पुढच्याच वर्षी भारतात जोशी यांनी तसेच रुग्ण नोंदवले. 1966मध्ये डेन्मार्कचे पिंडबोर्ग आणि मुंबईच्या कर्करोग संशोधक सत्यवती सिरसाट यांनी मिळून या रोगाची जी व्याख्या केली ती आजही वापरली जाते. कारण आता सगळ्यांना माहीत आहे, ते म्हणजे सुपारी. पूर्वी चंचीतली अडकित्त्यानं कातरलेली, नंतर पुडीतली. महाराष्ट्रात 2012च्या जुलैपासून गुटख्याला बंदी आहे. बंदीचं काय झालं ते या सभागृहाबाहेरच्या रस्त्यावर बघा.

या रोगात गालाच्या आत दोऱ्या तयार होतात. त्या उजेडानं सुटणाऱ्या नव्हेत. स्नायूचं दुखणं बहुधा उतरतं, हा रोग मात्र वाढत जातो आणि काहींच्या बाबतीत त्याचा कर्करोग होतो. पुडी खाणाऱ्या पोराला "जबड्याचा स्नायू आखडलाय" म्हणून महिनाभर लेसर देत बसलं, तर तो महिना फुकट जातो. एक खूण लक्षात ठेवा. स्नायूच्या दुखण्यात दुखतं जास्त आणि तोंड उघडायचं थांबतं ते दुखल्यामुळे. सुपारीच्या रोगात तिखट लागलं की आग होते आणि तोंड फारसं न दुखताही अडतं, जणू आतून कुणी शिवलंय. नक्की काय ते तपासणाऱ्यानंच सांगायचं, पण हा फरक माहीत असेल तर तपासायला जाण्याची निकड कळते.

लेसरवर आम्ही अन्याय करतोय असं वाटायला नको, म्हणून हेही सांगतो. तोंडाच्या कर्करोगावर किरणोपचार आणि केमो चालू असताना तोंड आतून सोलवटतं, पाणीही गिळवत नाही. तिथं हाच मंद उजेड उपयोगी पडतो. भारतात, कर्नाटकात, यावर रुग्ण, डॉक्टर आणि मोजणारा या तिघांनाही खरा लेसर कोणता हे न सांगता चाचणी झाली आणि फायदा दिसला. आंतरराष्ट्रीय सूचनांत त्याची शिफारस आहे. मेस्टर यांच्या उंदरांवर जखम भरायला मदत करणारा उजेड साठ वर्षांनी तोंडातल्या जखमांवरच सगळ्यात पक्का ठरला. जबड्याच्या स्नायूच्या बाबतीत तो तसा ठरला नाही. यंत्र एकच, पण दुखणं कुठलं यावर सगळं अवलंबून आहे.

संयोजकांनी घड्याळ दाखवलंय, तेव्हा ज्यासाठी खाडा पडत नाही ते सांगून आम्ही थांबतो. ओठ मिटलेले, दात सुटे आणि जीभ वर टाळूला, ही जबड्याची विसाव्याची जागा. दिवसातून पुष्कळदा आठवून बघा, दात एकमेकांवर टेकलेत का? टेकले असतील तर सोडा. कोमट फडक्यानं गाल शेका. मग जीभ टाळूलाच ठेवून तोंड हळूहळू, दुखणार नाही इतपतच उघडा आणि मिटा. थोडे दिवस शेंगदाणे, कडक भाकरी नको. भाकरी कालवणात कुस्करून खा. हे सगळं ऐकून डॉक्टरांकडे जाऊ नका असं आम्ही म्हणत नाही. गेलात आणि त्यांनी लेसर सांगितला, तर एवढंच विचारा, "आधी व्यायाम शिकवता का?"

आणि आता शेवटची तपासणी, इथंच करू. आपल्याच हाताची मधली तीन बोटं एकमेकांना चिकटवा, उभी धरा आणि तोंड उघडून दातांमध्ये घालून बघा. लाजू नका, सगळेच करताहेत. तीन गेली? छान. ज्यांची दोनच गेली, आणि मागच्या रांगेतली ती तरुण पोरं, जी अजून हात खिशातच ठेवून बसलीत, त्यांनी कार्यक्रम संपल्यावर जाऊ नका. दातांच्या डॉक्टर बाई पहिल्या रांगेत आहेत, टॉर्च घेऊन आल्यात.